सांधा

सरकारी नोकराच्या आयुष्यात दोन गोष्टी अटळ असतात: बदली आणि बदलीचा अर्ज. रायपुरास येऊन आम्हांस तीन वर्षे झाली, तेव्हा असाच एक अर्ज आम्ही लिहून ठेवला होता. कारणे नेहमीचीच. नागपुरास वृद्ध आई, मुलाचे मराठी. आणि न लिहिलेले कारण असे की, हे गाव आमचे नव्हे. तारीख तेवढी घालावयाची राहिली होती.

त्याच सुमारास एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी आग्रह धरला, "काका, आमचे काम एकदा पाहायला या." चिरंजीव धातुविद्येचे विद्यार्थी. ही विद्या रायपुरास नवी नाही. येथे १९५६ साली खाणकाम व धातुविद्येचे सरकारी महाविद्यालय निघाले. त्याचीच २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाली. चिरंजीवांचे प्रयोग मात्र गावाबाहेरच्या एका लहानशा कार्यशाळेत चालत.

तेथे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट आवळले होते. वेल्डिंग म्हटले की ज्वाला आणि ठिणग्या हे आमचे ज्ञान. येथे त्यांपैकी काहीच नव्हते. एक गरगर फिरणारे हत्यार सांध्यावर उतरले. त्याचे टोक पत्र्यात शिरले, वरचा रुंद खांदा पृष्ठभागावर घासू लागला आणि त्या उष्णतेने धातू मळलेल्या कणकेसारखा मऊ झाला. हत्यार तो ढवळीत पुढे सरकले. मागे सांधा तयार. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. येथे ते वितळतच नाही. ही युक्ती १९९१ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन टॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली.

"म्हणजे हत्यार फिरवले की झाले!" आम्ही म्हणालो.

चिरंजीव हसले. "नाही काका, ते कोठे आणि कसे उभे करता त्यावर सारे आहे." टोक पत्र्याच्या जाडीहून किंचित आखूड असते. हत्यार पुरेसे उतरले नाही तर तळ ढवळला जात नाही. फार उतरले तर धातू कडेने बाहेर पडतो आणि सांधा पातळ होतो. ते दोन-तीन अंश मागे कललेले असावे, म्हणजे खांद्याची मागची कड धातूला दाबीत जाते. आणि सांध्याची रेघ सुटता कामा नये.

मग त्यांनी दोन तुकडे दाखविले. दोन्ही सारखेच गुळगुळीत. पण शेगड्यात धरून वाकविताच एक धनुष्यासारखा वळला आणि दुसरा तळाशी उकलला. "याच्या वेळी हत्यार केसभर वर राहिले होते. तळाशी पत्रे नुसते टेकले होते, जुळले नव्हते."

"आणि धातू निरनिराळे असले तर?"

"मग हत्यार बरोबर मध्यावर चालवीत नाहीत. ॲल्युमिनियम व पोलाद जोडताना टोक मऊ ॲल्युमिनियमकडे सरकवतात. पोलादाला ते फक्त निसटते घासते."

परतताना तो उकललेला तुकडा आम्ही मागून घेतला. वाटेत शेजारच्या घराची आठवण झाली. पोळा येथेही आहे, 'पोरा' म्हणतात. त्या दिवशी शेजारून ठेठरी-खुरमीचे ताट येई. रिकामे ताट परत करू नये म्हणून आम्ही वर चिवडा घालून ते शिपायाच्या हाती पाठवीत असू. तीन वर्षांत त्या ओसरीवर आम्ही कधी बसलो नव्हतो. आमचा मुलगा मात्र तेथेच खेळे आणि घरी आला की अर्धे छत्तीसगढी बोले. ते आम्ही अर्जात तक्रार म्हणून लिहिले होते.

यंदाच्या पोळ्याला ताट घेऊन आम्ही स्वतः गेलो. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. दिवेलागणीपर्यंत उठवले नाही.

अर्ज अजून खणातच आहे. आईचे कारण खरे आहे. त्यापायी उद्या तारीख घालावीही लागेल. मात्र मुलाविषयीची ओळ आम्ही खोडली आहे. तो पत्र्याचा तुकडा त्याच कागदावर ठेवला आहे.