मागल्या बैठकीवरून

ज्या वाहनाचें नांव आमच्या घरांत चाळीस वर्षें कोणीं काढलें नव्हतें, त्याच वाहनावर बसून वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्ही आल्प्स पर्वतांतील एक अत्युच्च घाट चढून उतरलों, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस खरें वाटणार नाहीं. मागल्या बांकावरील मुलांस आम्हीं जन्मभर धाकांत ठेविलें; मागें कसें बसावें, हें मात्र आम्हांस गेल्या ज्येष्ठांत प्रथम कळलें.

१९८३ सालच्या पावसाळ्यांत कुंभार्ली घाट उतरतांना आमचे धाकटे बंधु व आम्ही मोटारसायकलवरून पडलों. गाडी ते चालवीत होते. आम्ही मागें होतों. आम्हांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. बंधूंचा उजवा पाय मात्र कायमचा अधू झाला. तरुणपणाचा उतावीळपणा, असें सर्वांनीं म्हटलें, आणि बंधूंनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें. हें वाहन पुन्हा या घरांत येणार नाहीं, असें आम्हीं वडीलकीच्या नात्यानें फर्माविलें. पुढें चिरंजीवांनीं कॉलेजांत असतांना मोटारसायकल मागितली, तेव्हां तोच निकाल त्यांसही ऐकविला.

चिरंजीव सध्यां म्यूनिक येथें नोकरीस असतात. आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां, तळघरांत कापडाखालीं झांकलेली एक मोटारसायकल आमच्या दृष्टीस पडली. ती घेऊन सहा वर्षें झालीं होतीं. सौभाग्यवतींस तें ठाऊक होतें, सूनबाईंस ठाऊक होतें. इतकेंच काय, बंधूंसही ठाऊक होतें! आम्हांस तेवढें कोणीं सांगितलें नव्हतें. राग आलाच; पण त्याहून अधिक वाईट वाटलें. ज्या घरांत वडिलांस खरें सांगण्याची कोणास छाती होत नाहीं, त्या घरांत वडिलांस मान आहे असें कसें म्हणावें? दोन दिवस आम्हीं अबोला धरिला. तिसऱ्या दिवशीं आम्हींच म्हटलें, "तुझें हें यंत्र जातें तरी कोठें, तें दाखव."

त्यानें आम्हांस नेलें तें स्टेल्व्हिओच्या घाटांत. ऑस्ट्रियांतून रेशेन खिंडीच्या वाटेनें इटलींत उतरून आम्हीं प्रातो या गांवीं मुक्काम केला. मुलूख इटलीचा, पण लोकांची बोली बहुतांशीं जर्मन, आणि पाट्या दोन्ही भाषांत. कारण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रियाकडे होता. लोंबार्दी व तिरोल हे आपले दोन प्रांत जोडण्यासाठीं ऑस्ट्रियन सरकारनें १८२० ते १८२५ या काळांत कार्लो दोनेगानी या स्थापत्यविशारदाकडून हा रस्ता बांधविला. आपल्या बोरघाटांतील गाडीरस्ता १८३० सालचा. म्हणजे दोन्ही घाट जवळजवळ एका वयाचे. खिंडीची उंची २,७५७ मीटर. प्रातोपासून सुमारें पंचवीस किलोमीटरांत अठराशें मीटरांहून अधिक चढावें लागतें, आणि आपल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंचीच मुळीं १,६४६ मीटर! हिवाळाभर हा रस्ता बर्फामुळें बंद असतो.

या बाजूस वळणें अठ्ठेचाळीस. प्रत्येकाशीं त्याचा आंकडा लिहिलेला असून, वर चढतांना आंकडे उतरत जातात. आरंभींच्या वळणांवर आम्हीं आमचें सर्व शहाणपण खर्च केलें. गाडी आंतल्या बाजूस कलली कीं आम्ही उलट बाजूस अंग सांवरून ताठ होत असूं. त्राफोई गांवापाशीं चिरंजीवांनीं गाडी थांबविली, हेल्मेट काढलें आणि अदबीनें म्हटलें, "अण्णा, तुम्ही वळणावर उलटे झुकतां. त्यानें गाडी भलतीकडे जाऊं पाहते. तुम्ही कांहींच करूं नका. जिकडे वळण असेल, माझ्या त्या खांद्यावरून पुढें पाहा. बाकीचें आपोआप होईल."

वळणावर गाडी कलते ती पडावी म्हणून नव्हे, पडूं नये म्हणून. वेगामुळें ती बाहेर फेंकली जाऊं पाहते. तो ओढा आंत झुकून तोलावा लागतो. मागचा मनुष्य ताठ राहिला तर चालविणाऱ्यास गाडी अधिकच कलवावी लागते. त्यानें ऐन वळणांत अंग फेंकलें तर गाडी वाट सोडते. चिरंजीव हें समजावून सांगत होते, पण आमच्या डोळ्यांपुढें कुंभार्लीचें तें वळण होतें: पावसानें काळा झालेला रस्ता, डाव्या हातास दरी, आणि दरी दिसतांच उजवीकडे अंग टाकणारे आम्ही. चाळीस वर्षें हें आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें. स्वतःशींही कधीं उच्चारलें नव्हतें.

त्यानंतर आम्हीं कांहीं केलें नाहीं. हें कांहीं न करणें अध्ययन-अध्यापनाहून कठीण आहे. फ्रान्झेन्सहोहेपाशीं झाडी मागें राहिली, आणि समोरच्या कड्यावर उरलेलीं वळणें एकावर एक रचलेलीं दिसलीं. डाव्या हातास ओर्टलरचें ३,९०५ मीटर उंचीचें हिमाच्छादित शिखर. तिकडे वाहनें उजवीकडून चालतात. म्हणून उजवीं वळणें फार आंखूड. त्या प्रत्येक वळणाआधीं चिरंजीव वेग उतरवून खालचा गियर घालीत, मान वळवून वळणापलीकडचा रस्ता पाहत, आणि नजर जाई तिकडे गाडी जाई. आम्हीही त्यांच्या खांद्यावरून तोच रस्ता पाहत होतों.

माथ्यावर थंडी बोचरी होती. भोंवतालीं मांसाचे पदार्थ भाजले जात होते. आम्हीं आडोशास बसून सूनबाईंनीं दिलेल्या दशम्या सोडल्या. तेथें आम्हीं चिरंजीवांस कुंभार्लीची हकीकत जशी घडली तशी सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग एवढेंच म्हणाले, "काका हें कधीं बोलले नाहींत."

उतरतांना उंब्राइल खिंडीवरून स्वित्झर्लंडांत सान्ता मारियाकडे आलों. उतारावर केवळ ब्रेकांवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून खालच्या गियरांत, इंजिनाच्याच आंवरानें उतरावें लागतें. शाकुंतलाच्या सातव्या अंकांत दुष्यंताचा रथ स्वर्गांतून खालीं येतो. तो प्रसंग आम्हीं मुलांस अनेक वर्षें समजावून दिला. पण तेथेंही घोडे मातलीच्या हातीं असून राजा स्वस्थ बसला आहे, इकडे आमचें लक्ष कधीं गेलें नव्हतें.

घरीं परतल्यावर, रात्रीं ओटीवर दोघेच असतांना, बंधूंस सर्व सांगून त्यांची क्षमा मागितली. त्यांनीं आपला पाय हातानें उचलून नीट ठेविला व म्हणाले, "दादा, मला तें त्याच दिवशीं कळलें होतें. पण तुम्हांस घाटाची भीति वाटते हें ठाऊक असून आग्रहानें मागें बसविलें कोणीं?" मग थोडा वेळ थांबून त्यांनीं विचारलें, "हा पाय घेऊन मागें बसतां येतें का, तें विचारा बरें त्याला."