हलक्या सुराची राखण

कोलकात्यात राहणाऱ्या संगीतप्रेमी मराठी माणसाला जानेवारी महिना आठवतो तो थंडीपेक्षा जागरणांमुळे. १९५२ साली सुरू झालेल्या डोव्हर लेन संगीत परिषदेत शाल पांघरून रात्र जागविताना मला गायकाइतकेच कौतुक वाटते ते ध्वनियंत्रापाशी मुकाट बसलेल्या तंत्रज्ञाचे. त्याला कारण आहे. हौसेपोटी तेच काम करताना एकदा मी एक मैफल बिघडविली होती.

दक्षिण कोलकात्यातील लहानसे सभागृह. जेमतेम दीडशे श्रोते. महाराष्ट्रातून आलेल्या एक वयोवृद्ध गायिका मारवा गात होत्या. विलंबित ख्यालात त्यांनी आवाज अगदी हलका केला. मागच्यांना ऐकू जाणार नाही या काळजीने मी यंत्राची सरकती कळ वर नेली. पुढे बाईंची जोरकस तान आली आणि कर्णे किंचाळले. मी घाईने कळ खाली ओढली. हा खेळ तासभर चालला. एकदा तर कर्ण्यातला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून शिट्टीच वाजली.

मैफलीनंतर बाईंनी मला जवळ बोलाविले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे बाबा, माझा आवाज लहान झाला नव्हता; मी तो लहान केला होता. लोकांनी कान द्यावा म्हणून. तूच तो मोठा केलास, तर कान कोण देणार?"

त्या वाक्याने मला पुन्हा विद्यार्थी केले. ज्या केसरबाई केरकरांना १९४८ साली याच शहरात 'सूरश्री' ही पदवी मिळाली, त्यांच्या तालमीला प्रारंभ झाला तेव्हा मैफलीत ध्वनिक्षेपक नव्हता. आवाजाची भरती-ओहोटी गळाच सांभाळी. यंत्राने ती सपाट का करावी?

पुढे एका अनुभवी बंगाली तंत्रज्ञाच्या हाताखाली मी शिकलो. हे दादा मैफलीपूर्वी गायकाला त्याची सर्वांत जोराची तान घ्यायला सांगत, त्यावरून वरची मर्यादा ठरवीत, आणि मग कळीला सहसा हात लावीत नसत. ते सांगत, की ध्वनीची शक्ती दसपट झाली, म्हणजे १० डेसिबेलने वाढली, तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबेलने उतरतो. म्हणून तार सप्तकात जाताना जाणता गायक ध्वनिक्षेपकापासून आपणच किंचित मागे सरतो. त्या वेळी आपण कळ वर नेणे म्हणजे त्याची मेहनत पुसणे. मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर ते अपघात टाळण्यापुरताच, मिठासारखा वापरीत.

आणि मागच्या रांगा? त्यांच्यासाठी पुढचे कर्णे वाढवायचे नाहीत. मागे लहान कर्णे लावायचे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून व्यासपीठापासून ३४ मीटरवरच्या कर्ण्याला सेकंदाचा दहावा भाग थांबवायचे, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र पोहोचतात आणि प्रतिध्वनीचा भास होत नाही.

आजही गायकाचा सूर हलका झाला की माझा हात सवयीने कळीकडे जातो. मी तो मांडीवर ठेवतो. क्षणभरात कुजबुज थांबते, शेवटच्या रांगेतली माणसेही किंचित पुढे झुकतात, आणि तो लहानसा सूर त्यांच्यापर्यंत पोहोचतो.