हायड्रिलाची जुडी

पाणी निवळलं! टाकीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख आज पाण्यातून आरपार वाचता आली, आणि सकाळपासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

नंदुरबारचा एप्रिल, पारा चाळिशीच्या वर. माझी दोन फुटी टाकी पश्चिमेच्या खिडकीत, तिच्यात डझनभर गप्पी. दहा दिवसांत पाणी पालकाच्या पातळभाजीसारखं हिरवं झालं, मासे दिसेनात. दोनदा सगळं पाणी उपसलं, खडे घासून वाळवले. आठवड्यात पुन्हा तेच. आता कळतंय की त्या घासण्यात माशांची घाण पचवणारे खड्यांवरचे जिवाणूच मी मारत होतो.

मग प्रकाशाला मामांकडे गेलो. तापी-गोमाईच्या संगमाचं गाव. मामांच्या पपईच्या बागेलगतचं शेततळं गर्द हिरवं, बागेतलं खत पावसाबरोबर त्यात उतरतं. आणि चार पावलांवर विहिरीजवळचा हौद! तेच पाणी, तेच ऊन. बैल तिथंच पितात, शेण-चारा त्यात पडतो, तरी तळाची वीट न् वीट दिसते. हौद हायड्रिलाने भरलेला. मी बघतच राहिलो. मामा म्हणाले, "खाणारं आधीच बसलंय ना रे त्यात, शेवाळाला उरणार काय?"

अरे, हेच तर! माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते खत आणि ऊन मिळालं की शेवाळ माजतं. शेवाळाशी झुंजायचं नाही, त्याच्या ताटातलं आधी उचलायचं! शाळेत जिच्यावर नरसाळं उपडं घालून बुडबुडे मोजले, तीच ही वनस्पती.

जुडी आणली, धुतली, गोगलगायी आणि जळवा येऊ नयेत म्हणून आठवडाभर बादलीत वेगळी ठेवली, मग टाकीत सोडली. टाकी खिडकीतून हलवली. दिवा रोज सात तास, जास्त नाही. दाणे एकदाच, दोन मिनिटांत संपतील इतके. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलायचं. नळाचं पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातो. काचेवरचा थर जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडला. बस्स.

सोळाव्या दिवशी दुपारी दिव्याखाली पानांवरून चांदीचे मणी सुटू लागले, एकामागून एक, सरळ वर. ऑक्सिजन! आईला हाक मारली, शेजारच्या मुलांना बोलावलं. अर्धा तास कुणी हललं नाही. इतकं सुंदर काही माझ्या घरात याआधी घडलेलं नाही.

तुमचीही टाकी हिरवी झाली असेल तर औषधाची बाटली आणण्याआधी एक जुडी लावून बघा. फक्त एक ऐका: छाटलेले तुकडे नाल्यात किंवा तापीत टाकू नका. हायड्रिलाच्या छोट्याशा तुकड्यातूनही नवं झाड उभं राहतं. ते कुंडीतल्या मातीत पुरा.