चांदीच्या डॉलरची पारख

विद्यार्थी मित्रांनो, एखादे जुने नाणे हाती आले, की आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? ‘याचे किती पैसे मिळतील?’ हाच ना! नाणे जितके जुने तितके महाग आणि जितके चकचकीत तितके चांगले, असे बहुतेक लोक समजतात. या दोन्ही समजुती किती फसव्या आहेत, ते अमेरिकेच्या एका चांदीच्या डॉलरवरून पाहू.

हा डॉलर १८७८ ते १९०४ या काळात आणि नंतर १९२१ साली पाडला गेला. जॉर्ज मॉर्गन या कारागिराने त्यावरचे चित्र तयार केले, म्हणून त्याला ‘मॉर्गन डॉलर’ म्हणतात. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, तर दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड आहे. वजन २६.७३ ग्रॅम. त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबे, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे २४ ग्रॅम. एवढ्या चांदीची किंमत प्रत्येक खऱ्या डॉलरला असतेच. त्याहून अधिक किंमत मिळेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. एक दुर्मिळता आणि दुसरी नाण्याची स्थिती.

प्रथम दुर्मिळता पाहू. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने फक्त १ लाख डॉलर पाडले. गरुडाच्या खाली ‘एस’ हे बारीक अक्षर असलेला त्या सालचा डॉलर झिजलेला असला, तरी त्याला हजारो डॉलर मिळतात. याउलट, १९२१ साली एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने सुमारे ४ कोटी ४७ लाख डॉलर पाडले. शंभर वर्षे उलटून गेली, तरी ते आजही सहज मिळतात.

पण किती नाणी पाडली, यापेक्षा किती उरली, हे अधिक महत्त्वाचे असते. पहिल्या महायुद्धात आपल्या देशात चांदीच्या रुपयांची मोठी टंचाई झाली. लोकांचा कागदी नोटांवर भरवसा नव्हता. त्यांना चांदीचा रुपयाच हवा होता. तेव्हा १९१८ च्या कायद्याने अमेरिकेने आपले २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानसाठी विकत घेतली आणि तिचे रुपये झाले. आपल्या पणजोबांच्या खिशात खुळखुळणारा एखादा रुपया पूर्वी डॉलर असेल! कोणत्या सालचे किती डॉलर वितळले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

त्यामुळे मोठी गंमत झाली. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १९०३ साली पाडलेला डॉलर फार दुर्मिळ मानला जाई. संग्राहक त्यासाठी शेकडो डॉलर मोजायला तयार असत. १९६२ साली सरकारी तिजोरीतून त्याच नाण्यांच्या थैल्या बाहेर आल्या. एकेका थैलीत एक हजार नाणी! पाहता पाहता भाव कोसळला.

आता स्थितीकडे वळू. जाणकार नाण्याला १ ते ७० यांपैकी एक अंक देतात. व्यवहारात न वापरलेल्या नाण्याला ६० किंवा त्याहून अधिक अंक मिळतो. देवतेच्या कानावरचे केस आणि गरुडाची छाती हे उंच भाग आधी झिजतात, म्हणून भिंगातून आधी तेच पाहतात. आणि नाणे घासून चमकवलेले असेल, तर संग्राहक ते बाजूला ठेवतो. घासताना नाण्याचा मूळ तजेला जातो आणि तो पुन्हा आणता येत नाही.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. त्यांना एका परदेशी सोबत्याने असा एक डॉलर भेट दिला होता. मामूंच्या माघारी मुमानींनी तो जपला. माझ्या मामेबहिणीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा फीची चिंता उभी राहिली. शेजारच्या मुलाने मोबाइलवर पाहून सांगितले, ‘‘हा डॉलर लाखांत जातो.’’ मुमानींनी मला बोलावून घेतले.

मी सराफाकडे नाण्याचे वजन केले. ते २६.६ ग्रॅम भरले. नाणे खरे होते. साल होते १९२१. गरुडाखाली टांकसाळीचे अक्षर नव्हते, म्हणजे ते फिलाडेल्फियाचे. शिवाय मुमानी दर ईदला ते चिंच आणि राखेने घासून लख्ख करत. भिंगातून त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे दिसत होते.

त्यांच्या डोळ्यांतली आशा पाहून माझी जीभ जड झाली. तरी मी म्हणालो, ‘‘मुमानी, याचे चांदीइतकेच पैसे येतील. त्यात फी भागणार नाही.’’

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘बेटा, आजच सांगितलेस ते बरे झाले. खोट्या आशेवर बसले असते, तर फी भरायची तारीख निघून गेली असती.’’

त्याच संध्याकाळी त्यांनी आपली एक बांगडी मोडायला दिली. उरलेली रक्कम आम्ही नातेवाइकांनी मिळून उभी केली. बहीण आज नर्स आहे. डॉलर मुमानींनी विकला नाही. आता त्या तो घासतही नाहीत. मऊ कापडात गुंडाळून ठेवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने नाणे असेल, तर ते घासू नका. बोटांनी कडेला धरा. साल वाचा, टांकसाळीची खूण शोधा, वजन करा, जाणकाराला दाखवा. आणि जे कळेल ते घरच्यांना जसेच्या तसे सांगा. ते त्यांच्या अपेक्षेपेक्षा कमी असले, तरीही सांगा.