चिंतामणी की मोरपंखी?

शासकीय सेवेतील मधली दहा-बारा वर्षे मी एका हिरव्या टेकडीकडे पाहत काढली. ही टेकडी आपल्या सातपुड्यातली नव्हे. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळे होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर आमच्या कार्यालयात जे संगणक आले, त्या प्रत्येकाच्या पडद्यावर ती टेकडी आणि तिच्यावरचे निळे आभाळ आधीच मुक्कामाला होते. पुढे केव्हातरी वाचनात आले की, चार्ल्स ओ'रियर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात रस्त्याने जाता जाता ते दृश्य टिपले होते आणि २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ते जगभरच्या टेबलांवर जाऊन बसले. चित्र सुंदर होते, यात शंका नाही. पण ज्याची हयात महसुलाच्या कामात गेली, त्याला ना बांध, ना हद्दीचा दगड अशी जमीन फार वेळ पाहवत नाही. हे क्षेत्र कोणाच्या खात्यावर आहे, असा प्रश्न मला रोज सकाळी पडत असे.

आपल्या या अंकाची पाने संगणकावर जुळवून देण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. त्यासाठी एका सभासदाने आपला जुना संगणक मंडळाला दिला. त्याच्या पडद्यावर कोणते चित्र असावे, यावर कार्यकारिणीत अर्धा तास चर्चा झाली. कोणी असीरगड म्हणाले, कोणी राजघाटावरून दिसणारी ताप्ती. अखेर सरस्वतीवर एकमत झाले. दोनच दिवसांत अडचण ध्यानात आली. कचऱ्याच्या डब्याचे चिन्ह नेमके देवीच्या वीणेवर येऊन बसले होते. ते हलवावे, तर वर्गणीच्या हिशेबाची फाईल थेट कपाळावर जाई. देवीला आदरपूर्वक निरोप देऊन असीरगड लावला, तर तटबंदीच्या दगडांत चिन्हेच सापडेनात. पडद्याची पार्श्वभूमी ही बैठकीतल्या सतरंजीसारखी असते, हे मला तेव्हा उमगले. तिच्यावर माणसांनी बसायचे असते. सतरंजीवर गणपती विणला, तर बसायचे कोठे?

दिवाळीत माझा पुण्याचा भाचा आला होता. त्याला ही कथा सांगितली, तेव्हा तो हसून म्हणाला, "मामा, कशाचंच नसलेलं चित्र लावा. विकत कशाला? तुम्हीच करा." त्याने घरच्या संगणकावर 'गिम्प' नावाची आज्ञावली उतरवून दिली. मी किंमत विचारली. "फुकट आहे. फुकट म्हणजे हलकं नव्हे, मामा," एवढे सांगून तो जेवायला उठला. ही आज्ञावली १९९५ साली बर्कली विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी लिहावयास घेतली. आज ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात, आणि तिची मूळ संहिताही कोणालाही वाचता, बदलता येते. सरकारी माणसाला फुकटच्या वस्तूचा संशय फार, म्हणून ही चौकशी केली.

परंतु कशाचेच नसलेले चित्र काढायचे म्हणजे काय करायचे? काही सुचेना, तेव्हा मी शाही किल्ल्यातल्या हमामात जाऊन बसलो. आपण सारेच तेथे पाहुण्यांना घेऊन शंभरदा गेलो असू. पाहुणे मुमताजची आठवण शोधतात. ती १६३१ साली याच गावी बाळंतपणात वारली, ताप्तीपलीकडे आहूखान्यात तिला प्रथम पुरले, हे आपण त्यांना सांगतो आणि बाहेर पडतो. त्या दिवशी मी एकटा होतो, म्हणून मान वर करून छताकडे पुष्कळ वेळ पाहिले. रंग बरेच उडाले आहेत. तरी मध्यबिंदूपासून बाहेर उमलत जाणारी ती नक्षी ओळीने, घराघराने अजून उभी आहे. ती नक्षी काही सांगत नाही. तिच्यात राजा नाही, शिकार नाही. खाली पाण्यात बसलेल्या माणसाची नजर कोठे अडू नये, एवढीच तिची व्यवस्था. आमच्या पडद्याची गरज याहून निराळी नव्हती.

घरी येऊन कामास लागलो. पडद्याच्या मापाचा कोरा कागद उघडला, रुंदी १९२०, उंची १०८० ठिपके. गुणाकार केला तेव्हा वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे भरले. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास होती, त्याच्या पावणेतीनपट ठिपके आणि प्रत्येकाला स्वतंत्र रंग देता येतो! एवढ्यांचा हाताने बंदोबस्त अशक्य. त्यासाठी गिम्पमध्ये 'प्लाझ्मा' नावाचे साधन आहे. एक कळ दाबली की कागदभर ढगांसारखे रंगीत लोट पसरतात, प्रथमदर्शनी होळीच्या दुसऱ्या दिवशीच्या भिंतीसारखे. मात्र प्रत्येक पसाऱ्याला एक अंक असतो. तो टिपून ठेवला आणि बाकीची मापे तीच दिली, की तेच ढग पुन्हा जसेच्या तसे मिळतात. ढगांनाही आवक क्रमांक असतो, हे पाहून मला फार समाधान वाटले.

त्या ढगांतले भडक रंग काढून ते करडे केले. मग 'पोलर कोऑर्डिनेट्स' या साधनाने ते मध्याभोवती गुंडाळले. आडवे लोट वर्तुळात वळतात आणि कोठूनतरी हमामाच्या छताची आठवण देतात. एका थरावर दुसरा थर, तो थोडा फिरवलेला, त्यावर तिसरा. या थरांचीच मला विशेष गोडी लागली. प्रत्येक थराच्या नावाशेजारी एक लहानसा डोळा काढलेला असतो. त्या डोळ्यावर टिचकी मारली की थर दिसेनासा होतो, पुन्हा मारली की परत येतो. काही पुसले जात नाही. नोकरीत एकदा सही झाली की मागे फिरण्याची सोय नव्हती. येथे मी एकेका रात्रीत चाळीस वेळा मागे फिरलो.

राहिला रंग. संगणकात तांबडा, हिरवा आणि निळा यांची प्रत्येकी दोनशे छप्पन्न मापे असतात. त्यांच्या मिश्रणाने एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा रंग होतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, नाव नसते. नावांची बाजू आमच्या घरात पत्नीकडे आहे. तिचे माहेर येथलेच, घरी कापडाचा व्यापार. सतराव्या शतकात तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या बऱ्हाणपुरातून गेला, तेव्हा येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एवढा मोठा व्यापार सासरेबुवांचा नव्हता, पण रंगाची पारख घरात होती. मी सदतीस वर्षे हिंदीत टिपणे लिहिली. त्या भाषेत माझ्यापुरते लाल, पीला, हरा, नीला एवढ्यांवर भागले. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, अबोली, मोतिया हे रंग मात्र आपल्या घरांत मराठीतच राहिले आहेत, आणि ते बायकांच्या कपाटांमुळे राहिले आहेत, असे मला वाटते.

एके संध्याकाळी चहा घेऊन ती मागे उभी राहिली.

"हा निळा फार अंगावर येतोय," ती म्हणाली.

"निळा नाहीच तो. मोरपंखी आहे. आणि मला तर मळकटच वाटतोय."

"मोरपंखी? अहो, हा चक्क चिंतामणी आहे!"

मी ऐकले नाही. ती आत गेली आणि एक जुनी साडी घेऊन आली. साडी पडद्याशेजारी धरून तिने विचारले, "आता सांगा, ही कोणती?" मी चष्मा पुसून नीट पाहिले आणि ही साडीही मोरपंखीच आहे, असा निर्णय दिला. "माझ्या बाबांच्या दुकानातली आहे," ती म्हणाली. "त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर चिंतामणी लिहून दिलं होतं." मयत व्यापाऱ्याच्या चिठ्ठीपेक्षा प्रत्यक्ष स्थळपाहणी श्रेष्ठ, असे काहीतरी मी बोललो आणि माझ्या परीने ते प्रकरण तेथेच नस्तीबद्ध केले. रंग मळकट वाटत होता, म्हणून त्याची तीव्रता आणखी वाढवली. फाल्गुनात ते चित्र मंडळाच्या संगणकावर चढवले. अध्यक्ष "उठावदार आहे" म्हणाले. कोषाध्यक्ष त्या दिवसापासून हिशेबाची खिडकी पडदाभर पसरून बसू लागले. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

वैशाखात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची. जुने भिंग काढून त्या जागी नवे कृत्रिम भिंग बसवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली, तेव्हा समोरची भिंत नीळ घालून धुतल्यासारखी पांढरी दिसली. मी परिचारिकेला विचारले की, रातोरात रंग दिला काय? डावा डोळा उघडून उजवा मिटला, तर तीच भिंत जुन्या सातबाराच्या कागदासारखी पिवळट झाली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते, असे डॉक्टरांनी समजावले. हे इतके हळू घडते की मन त्याला सरावते आणि आपल्याला काही गमावल्याचे कळत नाही. निळ्यावर पिवळ्याची सावली पडली, तर तो हिरव्याकडे झुकणारच.

आठ दिवसांनी मंडळात गेलो. संगणक सुरू केला आणि मागे सरकलो. पडद्यावर निळा वणवा पेटला होता. एवढे महिने तो आपण सर्वांनी निमूटपणे सोसला, त्याबद्दल मी येथे क्षमा मागतो. घरी आल्यावर कपाट उघडून साडी काढली, डावा डोळा मिटला आणि पाहिले. चिंतामणी. पत्नीला तसे सांगितले. तिने साडीची घडी माझ्या हातून घेतली आणि "बाबा रंग चुकायचे नाहीत," एवढेच म्हणाली.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची हकीकत मग मी मिळवून वाचली. १९१२ साली त्याला मोतीबिंदूचे निदान झाले. पुढच्या वर्षांत त्याची चित्रे तांबूस-पिवळी, गढूळ होत गेली. १९२३ साली त्याने उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि नंतर सारे निळेच दिसते अशी तक्रार मांडली. रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले. डाव्या डोळ्याला त्याने अखेरपर्यंत हात लावू दिला नाही. लोक याला भीती म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही.

कारण माझ्या डाव्या डोळ्याची तारीख महिन्याभराने ठरली होती, आणि ती जवळ येऊ लागली तसा मी अस्वस्थ झालो. गेल्या सात-आठ वर्षांत मी जे जे पाहिले, ते त्या पिवळ्या भिंगातून पाहिले. आईचे शेवटचे दिवस त्यातूनच पाहिले. निवृत्तीच्या दिवशीचे हार त्यातूनच पाहिले. ते भिंग आता चूर्ण करून शोषून काढणार. कोणताही मूळ दस्तऐवज नष्ट करण्यापूर्वी त्याची प्रमाणित प्रत ठेवावी, हा नियम माझ्या हाडीमासी आहे.

गिम्पमध्ये एक थर दुसऱ्याशी गुणण्याची रीत आहे. पिवळा थर वर ठेवून तो गुणला, तर तांबडा आणि हिरवा बहुतेक तसेच राहतात आणि निळा अडतो. डोळ्यातले भिंग हेच करते. मी पिवळा थर चढवून नव्या डोळ्याने पाहावयाचो, मग थर उतरवून जुन्या डोळ्याने पाहावयाचो. दोन्ही चित्रे एकसारखी दिसेपर्यंत पिवळ्याची मापे बदलत राहिलो. आठ रात्री लागल्या. तांबडा २५५, हिरवा २२६, निळा १४० या मापांवर दोन्ही डोळ्यांचे एकमत झाले. जुन्या डोळ्याचा धूसरपणाही घालता आला असता. तो नको वाटला. थराला नाव दिले 'डावा डोळा' आणि फाईल जतन केली. मग निश्चिंतपणे शस्त्रक्रियेला गेलो.

मंडळाच्या संगणकावर आता जे चित्र आहे, ते आषाढात पत्नीच्या देखरेखीखाली नव्याने केलेले आहे. ढग तेच, त्याच क्रमांकाचे. रंग मोतिया, कडेला थोडा अंजिरी. कोषाध्यक्षांनी हिशेबाची खिडकी लहान केली आहे.

ते काम चालले असताना एकदा तिने विचारले, "तुम्हांला खरंच किती पिवळं दिसत होतं हो?" मी फाईल उघडून थर दाखवला. ती पाहत राहिली. मग म्हणाली, "मुलाच्या लग्नात मी अस्मानी पैठणी नेसले होते. तुम्ही म्हणालात, हिरवी खुलते तुला. मला वाटलं, तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत, उगाच बोलायचं म्हणून बोललात." २०२२ सालची ही गोष्ट. तिने ती तेव्हा बोलून दाखवली नव्हती आणि नंतरही नाही.

लग्नाचे छायाचित्र संगणकात होते. ते गिम्पमध्ये उघडले आणि 'डावा डोळा' हा थर त्यावर ठेवला. मांडवातला पांढरा पडदा साईसारखा झाला, आणि पैठणी हिरवी झाली.

तिने माझ्या हातून माउस घेतला. थराच्या नावाशेजारच्या डोळ्यावर टिचकी मारली, तशी पैठणी अस्मानी झाली. पुन्हा मारली, हिरवी झाली. असे चार-पाच वेळा केले. मग चहाचे आधण ठेवायला उठता उठता म्हणाली, "हा थर पुसू नका."