घोट्यावरील डाग

शरीर जोंपर्यंत निमूटपणें आपलें काम करीत असतें, तोंपर्यंत मनुष्य त्याची विचारपूस करीत नाहीं. पहिली गळती लागल्यावर घरमालकास छपराची आठवण व्हावी, तशी आमची आमच्या पायांशीं खरी ओळख झाली ती वयाच्या ५८ व्या वर्षीं. तत्पूर्वीं ३१ वर्षें आम्ही ह्याच पायांवर वर्गांत उभे होतों. खुर्चीवर बसून शिकविणें आम्हांस कमीपणाचें वाटे, आणि पायांनींहि त्याबद्दल कधीं तक्रार केली नव्हती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यांत एके सकाळीं आंघोळीनंतर पाय पुसतांना उजव्या घोट्याच्या वर, आंतल्या बाजूस, रुपयाएवढा तपकिरी डाग दिसला. त्वचा कोरडी व किंचित् खवल्यांची झाली होती. खाज दिवसा बेताची, पण अंथरुणांत शिरतांच जागी होणारी. एवढेंच. दुसऱ्या कोणी खोबरेल तेल चोळून हा विषय तेथेंच संपविला असता. आम्ही मात्र चष्मा लावला आणि खिडकीशीं जाऊन बसलों.

दुपारपर्यंत तो डाग म्हणजे महारोग होता. टांचणीनें टोंचून पाहिलें. टोंचलेलें चांगलेंच कळलें, तेव्हां तो रोग बाद झाला. संध्याकाळीं तो रक्ताचा विकार ठरला, आणि घरचीं माणसें निजल्यावर मोबाइलच्या उजेडांत त्यास कर्करोगाचें रूप आलें. जेरोम के. जेरोम ह्या इंग्रज विनोदकारानें १८८९ सालच्या 'थ्री मेन इन ए बोट' ह्या पुस्तकांत वैद्यकाचा ग्रंथ चाळतां चाळतां त्यांतील जवळजवळ सर्व रोग स्वतःस जडवून घेणारा इसम रंगविला आहे. त्यावर आम्ही पूर्वीं पोटभर हंसलों होतों. परंतु त्या गृहस्थास निदान ब्रिटिश म्युझियमपर्यंत जावें लागलें. आम्हांस अंथरुणावरून उठावेंहि लागलें नाहीं!

ह्या भीतीच्या मुळाशीं एक गोष्ट होती, आणि ती हंसण्यासारखी नव्हती. आमच्या वडिलांना मधुमेह होता. १९९१ सालीं नवी चपल लागून त्यांच्या अंगठ्याजवळ जखम झाली. "एवढ्यातेवढ्याला डॉक्टर कशाला?" असें म्हणून त्यांनीं तीवर हळद दाबली आणि धोतराच्या सोग्याआड ती झांकून ठेविली. मधुमेहांत पायाची संवेदना बोथट होते, त्यामुळें जखम दुखलीहि नाहीं. घरांत दुर्गंधी येऊं लागली तेव्हां आम्हांस कळलें. पण तोंवर फार उशीर झाला होता. गुडघ्याखालीं पाय कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्यांनीं पांघरुणाच्या सपाट झालेल्या जागेवरून एकदांच हात फिरविला, आणि तो उचलून छातीवर ठेविला. ते कांहीं बोलले नाहींत. तो हात आम्ही आजतागायत विसरलों नाहीं.

अशा रीतीनें आम्ही पहारेकरी झालों. दिवसांतून दहा वेळां धोतर वर सारून डाग पाहावा, पट्टीनें मोजावा, आणि पत्नीस विचारावें, "पाहा बरें, वाढला कां?" तिनें "नाहीं हो" म्हटलें कीं अर्धा तास बरा जाई, पुढें वाटे, तिनें नीट पाहिलें नसेल. पाय बिघडेल म्हणून फिरावयास जाणें सोडलें. मित्र येत, त्यांचें बोलणें कानांवर पडे आणि लक्ष घोट्याकडे असे. दोन महिने असे गेले. एके रात्रीं पत्नी उठून बसली व म्हणाली, "अहो, मामंजींनीं पायाकडे पाहिलेंच नाहीं, आणि तुम्ही पायावांचून दुसरें कांहीं पाहत नाहीं. पण डॉक्टरांकडे गेलां नाहींत ते दोघेहि! उद्यां चला."

हें मात्र आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. आपण वडिलांच्या अगदीं उलट वागत आहों अशा समजुतींत आम्ही होतों. वस्तुतः ते जखम झांकीत आणि आम्ही डाग मोजीत असूं. पण ज्याला डोळे आहेत अशा माणसापुढें पाय उघडा करण्याचें धैर्य दोघांनाहि नव्हतें.

डॉक्टरांनीं आम्हांस उभें केलें, पोटरीवरील फुगलेल्या शिरा पाहिल्या, पावलांवरची नाडी चांचपली, रक्तांतील साखर तपासविली आणि डॉप्लरची तपासणी करविली. साखर ठीक होती. पायाकडे येणारें रक्तहि नीट येत होतें. अडचण होती ती परतीच्या वाटेवर. पायांतील रक्त हृदयाकडे चढावयाचें तें पोटरीच्या स्नायूंनीं पिळल्यामुळें, आणि तें पुन्हां खालीं घसरूं नये म्हणून शिरांत लहान लहान झडपा असतात. पाडुआ येथील फाब्रिसियसनें ह्या झडपांवर १६०३ सालीं पुस्तक लिहिलें. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे ह्यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. आमच्या कांहीं झडपा आतां मिटत नाहींत. त्यामुळें रक्त घोट्यापाशीं तुंबतें, त्यांतील तांबड्या पेशी त्वचेंत पाझरतात, आणि त्या विरल्यावर त्यांतील लोह मागें राहतें. म्हणजे ज्या डागानें आमची दोन महिने झोंप उडविली तो एका परीनें गंजाचा डाग होता!

उपाय साधे निघाले. रोज चालावें, एका जागीं फार वेळ उभें राहूं नये, बसतां-निजतांना पाय उशीवर उंच ठेवावे, सकाळीं उठण्यापूर्वींच घट्ट पायमोजे चढवावे, त्वचेस तेलकट मलम लावावें. मोजे मात्र नाडी तपासल्यावांचून कोणी आपल्या मतानें घालूं नयेत, असें डॉक्टरांनीं बजावलें. त्वचा फुटली, किंवा एकच पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला, तर तत्काळ यावें. "आणि खाजवूं नका," ते म्हणाले. "खाजविल्यानें कातडी जाड होते आणि खाज वाढते."

घरीं परततांना वाटलें, शंकेचाहि हाच नियम आहे. विचारून घेतलें कीं ती क्षणभर शमते, आणि पूर्वींपेक्षां जोरानें उठते. म्हणून आम्हीं स्वतःस एक नियम घालून घेतला: पाय दिवसांतून एकदांच, उजेडांत, मलम लावतांना पाहावयाचा. न पाहिल्यास वडिलांची चूक, दुसऱ्यांदां पाहिल्यास आपली. रात्रीं मोबाइल स्वयंपाकघरांत ठेवावयाचा. पहिला आठवडा व्यसन सोडणाऱ्या माणसासारखा गेला.

डाग अजून आहे. तो पूर्ण जाणार नाहीं असें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. संध्याकाळीं आम्ही दोघें फिरावयास जातों. परवां मध्यरात्रीं खाज सुटली आणि जुन्या संवयीनें हात उशाशीं गेला. मोबाइल तेथें नव्हता. दिवा न लावतांच घोट्यास मलम लाविलें आणि पडून राहिलों. झोंप यावयास बराच वेळ लागला; पण आली.