फोटोत न आलेली बंडी

शेतीखात्यातल्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा दिसला की लोकांना वाटते, साहेब पिकाच्या पाहणीला आले. माझा कॅमेरा मात्र रात्री बाहेर निघतो. धावत्या गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा टिपण्याचा मला नाद आहे.

हा नाद पुतण्याने लावला. अमरावतीत इर्विन चौकाजवळच्या एका गच्चीवर त्याने कॅमेरा तिपाईवर बसवला आणि त्याची झडप २० सेकंद उघडी ठेवली. फोटोत एकही गाडी नव्हती! येणाऱ्या गाड्यांच्या पांढऱ्या आणि जाणाऱ्यांच्या लाल रेघा तेवढ्या होत्या, पाटाला पाणी सोडावे तशा वाहणाऱ्या. कृती सोपी आहे. आयएसओ १००, छिद्र एफ ११, आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा ३६ फोटोंचा रोल पुरवून वापरावा लागे आणि चूक कळायची ती रोल धुऊन आल्यावर. आता ती जागेवरच कळते.

कार्तिकात कौंडण्यपूरला दहीहंडी झाली की रात्री यात्रेकरूंच्या गाड्या परततात. रुक्मिणीच्या माहेरच्या या रस्त्यावर मी एका धुऱ्यावर तिपाई लावली. झडप उघडली आणि तेवढ्यात समोरून कापसाची बंडी गेली. ओळखीचेच गृहस्थ होते. "कायचा फोटू काढता जी साहेब?" म्हणत खाली उतरले. मी फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"माही बंडी कोठी हाय जी याच्यात?"

बंडी नव्हती. २० सेकंदांत ती वीस-बावीस मीटर सरकली होती. तिला स्वतःचा दिवा नव्हता आणि तिच्यावर पडलेला अंधुक उजेड एवढ्या लांबीवर पसरून पुसला गेला होता. १८३८ साली दागेर नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या भरवस्तीतल्या रस्त्याचा फोटो काढला, तेव्हाही असेच झाले. काही मिनिटांच्या त्या फोटोत सगळ्या बग्ग्या नाहीशा झाल्या. उरला तो बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभा राहिलेला एक माणूस.

मी हसून हे सांगायला गेलो आणि माझे हसू मावळले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कहर केला, त्या हंगामात एका गावी मी सभा घेतली. कामगंध सापळे कसे लावायचे ते सांगता सांगता अंधार पडला. सभेहून शेतात जाऊन वेचलेला कापूस घेऊन निघालेल्या एका शेतकऱ्याच्या बंडीला मागून ट्रकने उडवले. एक बैल जागीच गेला, शेतकऱ्याचा पाय गेला. ड्रायव्हर सारखा म्हणत होता, दिसलीच नाही. मी त्याला खोटारडा ठरवला होता. तसे ठरवणे मला सोयीचेही होते, कारण सभा मीच लांबवली होती. माणसाचा डोळा म्हणजे काही कॅमेरा नव्हे, पण ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे येतो, आणि काळी बंडी अंधारात अंधारच असते.

दुसऱ्या दिवशी मी परावर्तक पट्टी विकत आणली आणि त्या गृहस्थांच्या बंडीला मागे लाल पट्टी लावली. रात्री धुऱ्यावरून पुन्हा फोटो काढला, तर पट्टी फोटोत नाहीच! ते माझ्याकडे पाहू लागले. मग उलगडा झाला. ही पट्टी उजेड चौफेर फेकत नाही, जिथून आला तिकडेच परत पाठवते. ती दिसायची ड्रायव्हरला, धुऱ्यावर बसलेल्या साहेबाला नव्हे. मी मोटरसायकल बंडीच्या मागे उभी केली, दिवा लावला, कॅमेरा दिव्याच्या अगदी वर धरला आणि झडप क्षणभरच उघडली. आता लालबुंद पट्टी आली. (शेण-चिखल बसला की ती आंधळी होते, फडक्याने पुसावी लागते. ट्रॉलीवरून लोंबणाऱ्या कुटाराखाली तर ती असून नसल्यासारखी.)

त्यांनी फोटो हातात घेतला.

"बंडी आली जी. पण बैलं नाई आले."

समोरून येणाऱ्या गाडीला आधी बैलच भेटतात, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सकाळी जुवाच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी लावली.